सहा महिने कोयत्यावर, सहा महिने घरी : ऊसतोड कुटुंबातला संवाद कसा टिकवायचा?



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या शाळांचं चित्र बदलायला लागतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी, परळी, कुठल्याही तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातली शाळा घ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी भरलेला वर्ग सुट्टीनंतर अर्धा रिकामा होतो. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे गेलेलं असतं, कुणी सोलापूर-साताऱ्याकडे, तर कुणी पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. मार्च-एप्रिलपर्यंत गावात राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली काही लेकरं.

अशा वेळी आपल्या शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "या लोकांना पोरांचं काही पडलेलंच नसतं." मीसुद्धा नोकरीच्या सुरुवातीला हे वाक्य बोललो आहे. आज मला वाटतं की ते चुकीचं आहे. पालकांना मुलांची काळजी असते. पण ती मुलापर्यंत पोहोचवायला त्यांच्याकडे ना वेळ असतो, ना साधन, ना शब्द. मुलालाही आईबापाची आठवण येते, पण ती सांगायची कुणाला? ऊसतोड समाजात एकमेकांशी बोलण्याचे रस्ते हंगामात तुटतात. ते कसे जोडता येतील, याबद्दल आज थोडं सविस्तर लिहितो.

संवाद नेमका कुठं तुटतो?

पहिली तूट निघण्याच्या दिवशीच पडते. ट्रक किंवा ट्रॅक्टर बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे निघतो. लेकरू रडेल, मागं लागेल म्हणून अनेक आईबाप ते झोपेत असतानाच निघून जातात. हेतू चांगलाच असतो. पण सकाळी उठल्यावर मुलाला अंथरुणात आई दिसत नाही. माझ्या वर्गातला दुसरीतला एक मुलगा दिवाळीनंतर आईचा फोनच घेत नव्हता. आजी म्हणायची, "लई हट्टी हाय." बऱ्याच दिवसांनी तो एवढंच म्हणाला, "मला न सांगता गेली." त्याचा राग आई गेल्याचा नव्हता, न सांगता गेल्याचा होता.

दुसरी तूट रोजच्या कामामुळे पडते. फडात पहाटेच्या अंधारात काम सुरू होतं. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी आली की भरायच्या. गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला भरायची. कोप्यांवर वीज असेलच असं नाही, त्यामुळे फोन चार्ज करायला कुठंतरी जावं लागतं. फोनही बहुतेक घरांत एकच, आणि तो बापाच्या खिशात. संध्याकाळी आई चुलीपाशी असते, तेव्हा बाप हिशोबाला किंवा दुकानाला गेलेला असतो. म्हणजे आईला वेळ असतो तेव्हा फोन नसतो.

तिसरी तूट बोलण्यातली. फोन लागलाच तर काय विचारतात? "जेवला का? शाळेत जातो का? आजीला तरास देऊ नको." मूल "हो" म्हणतं. दोन मिनिटांत संपलं! तिकडं आईच्या बोटाला कोयता लागलाय हे मुलाला कळत नाही आणि इकडं पोरीनं शाळा सोडून धाकट्या भावाला सांभाळायला घेतलंय हे आईला कळत नाही. दोघंही एकमेकांना काळजी नको म्हणून लपवतात.

बातमी येते ती मुकादमाकडून

ऊसतोडीत कामाचं माप 'कोयता' हे आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यात कोयत्याला उचल देतो आणि ती हंगामभर काम करून फेडायची असते. कोणत्या कारखान्याला जायचं, कधी निघायचं, दर काय मिळणार, किती फिटलं, किती राहिलं, ही सगळी माहिती मुकादमाकडूनच येते. एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचा हिशोबही त्याच्याच वहीत.

मुकादम वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. पुष्कळदा तो आपल्याच गावातला, आपल्याच भावकीतला असतो आणि त्याच्यावरही कारखान्याचा व वाहतूकदाराचा दबाव असतो. पण ज्याचे पैसे देणं आहे, त्याच्याचकडून सगळी माहिती येत असेल तर माणूस उलट प्रश्न विचारत नाही. शेजारच्या टोळीला काय दर मिळाला, कुणाचं लेकरू हंगामी वसतिगृहात राहिलं, कुणाला कुठल्या योजनेचा फायदा झाला, हे मजुरांनी मजुरांना सांगायला हवं. तेच सगळ्यात कमी होतं.

दूरची पण जवळची दोन उदाहरणं

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असंच घडत होतं. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतीत राबणारे कृष्णवर्णीय लोक अन्याय आणि कर्जाला कंटाळून उत्तरेकडच्या शहरांत कामाला जायला लागले. 1910 ते 1970 या काळात साठ लाखांच्या आसपास माणसं अशी गेली. तिथंही मजूर भरती करणारे दलाल होते आणि त्यांची आश्वासनं होती. खरं-खोटं कळायचं कसं? रॉबर्ट ॲबट यांनी 1905 मध्ये शिकागोत 'शिकागो डिफेंडर' नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं होतं. रेल्वेच्या डब्यांत सेवेचं काम करणारे कृष्णवर्णीय कामगार त्याचे अंक दक्षिणेत घेऊन जायचे. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पुढं गेलेली माणसं घरी पत्रं लिहायची. पगार किती, भाडं किती, थंडी किती, सगळं त्यात असायचं. अडाणी म्हणून हिणवलेला समाज अशा रीतीनं एकमेकांना शहाणं करत होता.

आपल्याकडं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केलं आणि 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत'. ज्या समाजात वाचता येणारे मोजकेच होते, त्या समाजासाठी वर्तमानपत्र काढायचं धाडस त्यांनी केलं. कारण आपलं दुःख आपण एकमेकांना सांगितल्याशिवाय ते सगळ्यांचं होत नाही. वाचता येणाऱ्या एकानं दहा जणांना वाचून दाखवायचं, हा मार्ग तेव्हाही होता. आज ऊसतोड कुटुंबात वाचता येणारा तो एक जण बहुतेक वेळा आपल्या वर्गातलं मूल असतं!

न बोलल्याची किंमत

हा विषय फक्त अभ्यासाचा नाही. 2019 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

यामागं गरिबी आहे, खाड्याची भीती आहे, फडात शौचालय आणि पाण्याची सोय नसणं आहे, काही खाजगी दवाखान्यांची कमाईही आहे. पण संवादाचाही भाग आहे. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, पोटात दुखणं, यावर बायका मोकळेपणानं बोलत नाहीत. दवाखान्यात कुणी 'कॅन्सर होईल' म्हटलं की घाबरून 'पिशवी' काढून टाकायचा निर्णय होतो. ज्या बाईची पिशवी आधी काढली आहे, तिला नंतर कंबरदुखी, थकवा, काय काय सोसावं लागलं, हे तिनं शेजारणीला नीट सांगितलं असतं, तर दुसरीनं निदान दुसऱ्या डॉक्टरला विचारलं असतं. आशाताई, बचत गट, शाळेतला माता पालक मेळावा या जागा अशा बोलण्यासाठी वापरता येतात.

मुलींच्या लग्नाचंही तसंच. वयात आलेली पोर मागं कुणाकडं ठेवायची, या भीतीपोटी अनेक लग्नं लवकर होतात. पोरीला विचारत कुणीच नाही आणि आईला स्वतःचा अनुभव सांगायची मुभा नसते.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

तांड्यावरची बंजारा मुलं घरी गोरमाटी बोलतात. 'याडी' म्हणणाऱ्या लेकराला पहिलीत आपण 'आई' हा शब्द गिरवायला लावतो आणि ते गप्प बसलं की मठ्ठ ठरवतो. वाडी-वस्तीवरच्या मुलांच्या मराठवाडी बोलीलाही आपण 'अशुद्ध' म्हणतो. मूल घरची भाषा लपवायला शिकलं की घरचं दुःखही लपवतं. सरांनी वर्गात दोन-चार गोरमाटी शब्द वापरले, तर पुढच्या पालक सभेला तांड्यावरची माणसं मागच्या रांगेतून पुढं येऊन बसतात. हे करून बघा.

पालकांनी काय करावं?

1. जाण्याआधी मुलाला सांगा. कुठं जाणार, का जाणार, साधारण कधी येणार. रडलं तरी चालेल, पण झोपेत सोडून जाऊ नका.
2. फोनचा वार आणि वेळ ठरवा. रोज जमणार नाही. पण आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी आलेला फोन मुलाला मोठा आधार देतो.
3. आईच्या हातात फोन द्या. लिहिता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. मूल तो दहा वेळा ऐकतं.
4. "अभ्यास केला का?" याऐवजी "आज कुणाशेजारी बसलास? डब्यात काय होतं? कशाचा राग आला?" असं विचारा. तुमचंही थोडं सांगा. आज किती मोळ्या बांधल्या, कोपीजवळ काय दिसलं.
5. आजी-आजोबांशी वेगळं बोला. त्यांच्याही अडचणी असतात आणि त्या मुलासमोर सांगता येत नाहीत.

शिक्षकांनी काय करावं?

1. पालक सभा दसऱ्याच्या आधी घ्या. कोण जाणार, मूल कुठं राहणार, फोन नंबर काय, हे तेव्हाच लिहून घ्या. हंगामी वसतिगृहाची माहिती तिथंच द्या. मूल सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा आणि ते तिकडच्या शाळेत दाखवायचं असतं, हेही समजावून सांगा.
2. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. त्यात ऊसतोड कुटुंबातली एखादी आई घ्या, आणि सही घेण्यापुरती नको, बोलण्यासाठी घ्या.
3. आठवड्यातून एक तास 'घरी पत्र' ठेवा. मुलांनी पत्र लिहायचं, मोठ्यानं वाचायचं आणि फोनवर आवाजात पाठवायचं. भाषेचा तास आपोआप होतो.
4. हिशोब वर्गात आणा. समजा, एका टनाला 400 रुपये दर आहे आणि एक कोयता दिवसाला दीड टन ऊस तोडतो. रोजचे झाले 600 रुपये. उचल 1,00,000 रुपये असेल तर फिटायला किती दिवस? मुलं भागाकार करतात आणि उत्तर येतं, जवळजवळ 167 दिवस. म्हणजे साडेपाच महिने, तेही एकही खाडा न पडता आणि खाण्यापिण्याचा खर्च न धरता.

या चौथ्या उपायाबद्दल थोडं जास्त सांगतो. हे गणित मी पाचवीच्या वर्गात घातलं तेव्हा आकडे सोपे म्हणून घातलं होतं. उत्तर आल्यावर वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हंजी आईला मधी येताच येत नाही ना सर?" संक्रांतीला आई आली नाही म्हणून ती चार दिवस रुसलेली होती. त्या संध्याकाळी तिनं आजीच्या फोनवरून आईला स्वतः फोन लावला. रजिस्टरमध्ये लिहिता येईल असं काही त्या दिवशी घडलं नाही, पण माझ्या दृष्टीनं तो तास सार्थकी लागला. पुढच्या हंगामात तिनं वजनाच्या पावत्यांचे फोटो वडिलांकडून मागवले आणि वहीत बेरीज मांडली. मुकादमाच्या वहीशेजारी घरची एक वही तयार झाली.

शेवटी एवढंच सांगतो. ऊसतोड थांबवणं आपल्या हातात नाही. उचल, दर, फडातल्या सोयी हे प्रश्न सरकारनं, कारखान्यांनी आणि कामगार संघटनांनी सोडवायचे आहेत. पण मूल आणि आई यांच्यात, शेजारीण आणि शेजारीण यांच्यात, तांडा आणि शाळा यांच्यात बोलणं सुरू ठेवणं आपल्याला जमण्यासारखं आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग रिकामा दिसला तर हजेरीत 'गैरहजर' लिहिण्याआधी एक फोन करून बघा. सकाळी नको, तेव्हा ते फडात असतात. संध्याकाळी, चुली पेटल्या की करा.