कारखान्यांचा शेजार आणि पालिकेचा खजिना

गावात कारखाना आला तर तिथल्या नगरपालिकेने त्याला हातभार लावावा, हा विचार आज कितीही स्वाभाविक वाटत असला तरी आपल्याकडे तो फार जुना नाही. बेळगावात नगरपालिकेच्या निर्बंधांपायी लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला पसारा उचलावा लागला, आणि १९१० साली त्यांनी कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर जे कारखान्याचे गाव वसविले, ते औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जमिनीवर. नगरपालिकेला जे जमले नाही ते एका संस्थानिकाच्या गुणग्राहकतेने साधले. परंतु असे गुणग्राहक राजे प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६१ चा औद्योगिक विकास कायदा झाला, १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि जमीन संपादावी, रस्ते आखावेत, पाणी आणावे व ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड द्यावेत असा शिरस्ता पडला. या योजनेत स्थानिक संस्थेला काय स्थान असावे, हा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला, आणि पुढील अर्धशतकातील पुष्कळशा कुरबुरींचे मूळ तिथे आहे.

पिंपरी-चिंचवडकडे पाहिले की हे विशेष जाणवते, कारण तिथे सारा क्रमच उलटा होता. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे टेल्को व बजाज आले, त्यांच्या आश्रयाने सुटे भाग करणारी लहान लहान वर्कशॉपे भोसरीपर्यंत पसरली. आणि मगच, ४ मार्च १९७० रोजी, पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार ग्रामपंचायती एकत्र करून अण्णासाहेब मगरांच्या पुढाकाराने नगरपालिका जन्मास आली. तिच्या निर्वाहाची तजवीज कारखान्यांनी आधीच करून ठेवली होती असे म्हटले तरी चालेल. हद्दीत येणाऱ्या प्रत्येक गाडीभर पोलादावर, रबरावर, रंगावर जकात मिळे, आणि १९८२ साली महानगरपालिका झालेल्या या संस्थेला आशियातील सर्वांत श्रीमंत म्हणण्याचा प्रघात पडला. ती श्रीमंती कोणी व कशी मोजली, हे विचारण्याचा प्रघात मात्र नव्हता.

जकात कोणालाच प्रिय नव्हती, पण तिचा भार सर्वांवर सारखाही नव्हता. मोठ्या कारखान्याला पालिकेकडे चालू खाते ठेवता येई, त्यामुळे त्याच्या मालमोटारी फारशा अडत नसत. भोसरीच्या लघुउद्योजकाची कास्टिंगे कोल्हापुराहून आली म्हणजे चालक बिलाची प्रत घेऊन नाक्याच्या खिडकीशी उभा राही, बिलावरील किंमत कारकुनाला पटेपर्यंत थांबे, रोख भरून पावती घेई, आणि तोवर मागची रांग वाढत जाई. त्याहून विचित्र गत जॉबवर्कची होती. तोच नग मशीनिंगला इकडे, हीट ट्रीटमेंटला तिकडे असा पुणे आणि पिंपरी या दोन पालिकांच्या हद्दी ओलांडत असे, आणि वाहनात बसविला जाण्यापूर्वी दोन दप्तरांत त्याची नोंद होई. परताव्याची तरतूद होती. पण त्यासाठी लागणारे कागद जुळवण्यापेक्षा ती रक्कम सोडून देणे अनेकांना परवडत असे.

आणि तरीही, नीट विचार करता, त्या नकोशा करात एक हितसंबंध दडलेला होता. कारखाना चालला तर माल येणार, माल आला तर खजिना भरणार, हे आयुक्तांपासून नाकेदारापर्यंत सर्वांना उमगत असे. पालिकेने बांधलेले प्रशस्त रस्ते व पूल याच उत्पन्नातून झाले. मात्र त्यांचा विस्तार निवासी भागांकडे अधिक वळला आणि औद्योगिक पट्ट्यातील अंतर्गत रस्त्यांची पाळी उशिरा आली, ही उद्योजकांची तक्रार निराधार नव्हती. निःसंदिग्ध साहाय्य म्हणून ज्याचा उल्लेख करावा ते चिंचवडचे ऑटो क्लस्टर. २००३ साली केंद्राने औद्योगिक पायाभूत सुविधांच्या सुधारणेची जी योजना आखली तिचा लाभ घेऊन, पालिकेच्या सहभागाने, लहान कारखानदाराला एकट्याच्या ऐपतीत न बसणारी चाचणी-यंत्रे व नमुने घडविण्याची साधने एका छपराखाली आणली गेली. माझ्या मते या साऱ्या काळातील पालिकेचे हे सर्वांत शहाणपणाचे काम, आणि समारंभांच्या भाषणांत त्याला मिळालेली जागा सर्वांत थोडी.

१ एप्रिल २०१३ रोजी जकात संपून स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालील उलाढालीला तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ च्या वस्तू व सेवा कराने उरलेलेही गिळले. नाक्यांवरच्या रांगा संपल्या, हे निखालस हिताचे झाले. पण त्याबरोबर एक धागाही तुटला: राज्याच्या नव्या कायद्याने पालिकांना जी भरपाई ठरवून दिली, ती २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरसाल आठ टक्क्यांनी वाढते, मग हद्दीतला कारखाना दिवसरात्र चालो अथवा त्याला टाळे लागो. बजाजने आकुर्डीतील उत्पादन २००७ साली थांबविले तेव्हा पालिकेच्या जमाखर्चाला त्याची झळ पोहोचणे क्रमप्राप्त होते. आज तसे घडल्यास ती रक्कम ठरल्याप्रमाणेच येईल, आणि त्या जमिनीवर गृहसंकुल उभारण्याची परवानगी निघाली तर विकास शुल्काची भर वेगळी पडेल.

भूखंडधारक मात्र आजही दोन धन्यांचा देणेकरी आहे. महामंडळाला सेवा शुल्क द्यावे आणि पालिकेला मिळकतकर. आणि पावसाळ्यात शेडसमोरचे गटार तुंबले म्हणजे दोन्ही कचेऱ्यांत अर्ज देऊन पोच घ्यावी.