खोल पेरलेला गहू आणि बुटकेपणाचं जनुक

दहावीला आनुवंशिकता शिकवताना मुलं जनुक, गुणसूत्र हे शब्द पाठ करतात, पण त्यांचा शेताशी संबंध लागत नाही. आपल्या घनसावंगीच्या मुलांना गव्हाचं उदाहरण द्या.

हरितक्रांतीतले गहू बुटके झाले ते 'नोरिन १०' या जपानी वाणातल्या जनुकांमुळे. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक. ही जनुकं असली की झाड त्याला नीट दाद देत नाही. ताट आखूड राहतं, भरपूर खतपाणी देऊनही पीक लोळत नाही. पण कोंबावरचं आवरणही आखूड राहतं, आणि खरी अडचण इथेच आहे. हे आवरण म्हणजे पहिलं पान मातीतून वर आणणारी नळी. वरची माती सुकली म्हणून बी खोल ओलीत टाकलं, तर नळी मध्येच संपते आणि पान मातीतच दुमडतं. बियाणं गेलं, ओलही गेली. कोरडवाहू शेतकऱ्याला हे कसं परवडणार?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी गव्हातली बुटकेपणाची दुसरी दोन जनुकं अभ्यासली: आरएचटी १४ आणि आरएचटी १८. यांच्यामुळे ताट बुटकं होतं, तरी नळी लांब राहते. त्यांची जागा ६ए या गुणसूत्रावर असल्याचं संस्थेने २०२० च्या सुमारास जाहीर केलं.

जागा शोधायची कशी? उंच आणि बुटक्या गव्हाचा संकर करायचा. पुढच्या पिढ्यांत दोन्ही प्रकारची झाडं निघतात. त्यांचा डीएनए तपासून बुटकेपणासोबत कोणती खूण जवळजवळ कायम येते, ते पाहायचं. गावात नवख्या माणसाला आपण 'मारुतीच्या देवळाशेजारी' असं घर सांगतो ना, तसंच.

मग आपल्या वाणाशी संकर, आणि त्या संततीचा पुन्हा पुन्हा आपल्याच वाणाशी संकर. दर वेळी परक्या वाणाचा वाटा साधारण निम्म्याने घटतो. रोप लहान असतानाच पानाचा तुकडा तपासून खूण असलेली रोपं ठेवतात. उंची दिसेपर्यंत थांबावं लागत नाही. बन्सीत २८ गुणसूत्रं, चपातीच्या गव्हात ४२. पण ६ए दोन्हींत आहे, म्हणून हे जनुक तिकडेही नेता येतं. हे जीएम बियाणं नव्हे, काम परागकणांनीच होतं.

वर्गात करून बघायचं असेल तर एकाच वाणाचे दाणे तीन डब्यांत ४, ८ आणि १२ सेंटीमीटर खोल पेरा. दहा-बारा दिवसांनी किती उगवले ते मुलांनाच मोजू द्या. न उगवलेले दाणे उकरून त्यांची नळी पट्टीने मोजायला सांगा.