अळंबीचे बी खरोखर निर्जंतुक झाले काय?

धिंगरी अळंबीचे बी, म्हणजेच स्पॉन, तयार करताना अर्धवट शिजविलेले गहू पिशव्यांत भरून ते ऑटोक्लेव्हमध्ये २२ पौंड दाबाच्या वाफेत दीड ते दोन तास ठेवण्याची पद्धत आहे. या क्रियेने दाण्यांवरील सर्व सूक्ष्मजंतू नष्ट व्हावेत, अशी अपेक्षा असते. परंतु ती पूर्ण झाली की नाही, हे दाबमापकाच्या काट्यावरून कळत नाही. आतील हवा बाहेर जाऊ न देता झडप बंद केल्यास काटा योग्य आकड्यावर येतो, तापमान मात्र कमीच राहते. पिशवीवरील पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, तरी तिला उष्णता लागली एवढेच त्यावरून समजावे.

प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका प्रयोगशाळेत काटा व पट्टी दोन्ही निर्दोष होती. तरीही आठवड्याभरात निम्म्या पिशव्यांतील गहू आंबला. पिशव्या इतक्या दाटीने रचल्या होत्या की, मधल्या भागात वाफेला शिरकावच नव्हता. असे बी शेतकऱ्याच्या हाती पडल्यास त्याचा पेंढा, मजुरी व हंगाम तिन्ही वाया जातात.

याकरिता जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूच्या बीजाणूंची कुपी उपयोगी पडते. हे बीजाणू उष्णतेस फार चिवट असतात. वाफ जेथे सर्वांत उशिरा पोहोचेल, अशा ठिकाणी ही कुपी ठेवावी. नंतर ती ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात ठेवली असता, बीजाणू जिवंत राहिले असल्यास आतील जांभळा द्रव पिवळा होतो. यास एक-दोन दिवस लागतात.

हा विलंब टाळण्यासाठी जैव-संवेदक निघाले आहेत. बीजाणूंमधील अल्फा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम शाबूत असेल, तर ते द्रवातील एका विशिष्ट पदार्थाचे विघटन करते आणि तो अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. चमक दिसली की निर्जंतुकीकरण फसले, असे समजावे. यंत्र ही चमक काही तासांत, तर काही नव्या प्रकारांत तासाभराच्या आत टिपते. मात्र वाफेत न घातलेली त्याच गटातील एक कुपी प्रत्येक वेळी सोबत तपासावी. तीही चमकली नाही, तर कुप्याच निकामी आहेत.

लहान उत्पादकाने महागड्या यंत्रासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. बुरशी पिशवीभर पसरण्यास दोन आठवडे लागतातच. तेवढ्यात साध्या कुपीचाही निकाल हाती येतो. तो प्रतिकूल आल्यास त्या खेपेतील एकही पिशवी विक्रीस काढू नये.