लढाऊ जहाजांचा तह



आपल्या चौथीच्या इतिहासात पुरंदरचा तह आहे. तो लढाई झाल्यावर झाला. पण पुढची लढाई होऊच नये म्हणून जहाजे किती ठेवायची, यावरही एक तह झाला होता. त्याची माहिती मी देत आहे.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. तरी अमेरिका, इंग्लंड व जपान मोठमोठी लढाऊ जहाजे बांधतच होते. एकाने बांधले की दुसरा बांधणारच! पैसा पाण्यासारखा चालला होता. म्हणून अमेरिकेने सर्वांना वॉशिंग्टनला बोलावले. १२ नोव्हेंबर १९२१ ला परिषद भरली.

अमेरिकेचे मंत्री ह्यूज यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, की आम्ही आमची ३० जहाजे मोडतो, तुम्ही पण मोडा. कोणती मोडायची त्यांची नावेसुद्धा सांगितली. सगळे चकित झाले.

मग माप ठरले. अमेरिका व इंग्लंडला प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन, फ्रान्स व इटलीला प्रत्येकी १,७५,००० टन. म्हणजे अमेरिकेचे ५ वाटे तर जपानचे ३. एक जहाज ३५,००० टनांपेक्षा जड नको. एक टन म्हणजे साधारण दहा क्विंटल. तर ज्वारीची साडेतीन लाख पोती होतील एवढे एक जहाज!

जपानला १० ला ७ असे माप पाहिजे होते. पण अमेरिकेने जपानच्या गुप्त तारा चोरून वाचल्या. जपान १० ला ६ वर तयार होईल हे तिला कळले, म्हणून ती अडून बसली.

जपानचे ‘मुत्सू’ नावाचे नवे जहाज होते. त्याच्यासाठी शाळेतल्या मुलांनीही पैसे दिले होते. ते कसे मोडणार? जपान हटेना. शेवटी ते राहिले, पण त्याच्या बदल्यात इंग्लंडला दोन नवी जहाजे बांधू दिली आणि अमेरिकेला दोन पुरी करू दिली.

६ फेब्रुवारी १९२२ ला सह्या झाल्या. आपला देश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. भारतातर्फे श्रीनिवास शास्त्री यांनी सही केली. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष होते.

तहामुळे बरीच जहाजे मोडली आणि पैसा वाचला. पण लहान जहाजे किती बांधायची हे ठरलेच नव्हते. मग सगळे तीच बांधू लागले. १९३० साली लंडनला त्यांचेही माप ठरले. पुढे जपानला कमी वाटा सोसवेना. १९३४ साली त्याने नोटीस दिली आणि १९३६ अखेर तह संपला. परत मोठी जहाजे सुरू झाली, आणि १९४१ साली जपान व अमेरिकेची लढाई जुंपली.

मुलांनी पैसे दिलेले ‘मुत्सू’ १९४३ साली जपानमध्येच नांगरलेले असताना स्फोट होऊन बुडाले. हजारावर माणसे मेली.

तात्पर्य : तह नुसत्या सहीने टिकत नाही. वाटा सर्वांना पटला पाहिजे आणि सर्वांनी तो पाळला पाहिजे.

– इयत्ता चौथी