तालीम आणि तब्येत : बैठकांवरचा आळ

या आठवड्यात खुराकाचा विषय घ्यायचं ठरलं होतं. पण थंडाईतले बदाम, खसखस आणि गंगावेशीतलं धारोष्ण दूध यांना आणखी आठ दिवस थांबावं लागेल. मागचा सपाट्यांवरचा लेख वाचून उत्तरेश्वर पेठेतल्या एका वाचकानं विचारलेला प्रश्न मागे ठेवण्यासारखा नाही. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले हे गृहस्थ आता साठीला आले आहेत. जिना उतरताना गुडघा दुखतो आणि घरचे म्हणतात, त्या बैठकांनीच वाटोळं केलं. मग नातवाला तालमीत घालावं की नाही?

घालावं, आणि बिनघोर घालावं.

तालमीतल्या बैठकीत टाचा उचललेल्या असतात. हात मागे झुलवत खाली जायचं, पुढे फेकत उठायचं. सगळा भार चवड्यांवर. गुडघा पायाच्या बोटांपुढे जातो, त्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला आणि वाटीमागच्या सांध्याला जोर लागतो, हे खरंच. पण ताण म्हणजे झीज नव्हे. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि त्यासाठी तिनं दाबलं जाणं आणि मोकळं होणं गरजेचं असतं. शिवाय मांडीचा स्नायू दणकट असला की सांध्याला आधार मिळतो. म्हणून तर गुडघेदुखीवर डॉक्टर याच स्नायूचे व्यायाम सांगतात.

फिनलंडमधल्या खेळाडूंवरचा, १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे पाहण्यासारखा आहे. एकेकाळच्या अव्वल खेळाडूंचे गुडघे त्यात तपासले गेले. सांध्याची झीज नेमबाजांत ३ टक्के, धावपटूंत १४, फुटबॉलपटूंत २९ आणि वेटलिफ्टरांत ३१ टक्के आढळली. बैठकांवर बोट ठेवणाऱ्यांना हे आकडे सोयीचे वाटतील, पण कारणंही वाचायला हवीत. फुटबॉलपटूंना गुडघ्याच्या जुन्या दुखापती भोवल्या होत्या, वेटलिफ्टरांना अंगाचं वजन. पेठापेठांत फुटबॉल आणि गल्लोगल्ली तालमी असलेल्या कोल्हापूरनं दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आधी वजनाचं घ्या. हेलसिंकीत १९५२ साली ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव ५७ किलोंच्या गटात लढले. बैठका हलक्या गटातले मल्लही मारतात आणि शंभरी ओलांडलेलेही. गुडघ्यावर येणारा भार मात्र एकसारखा नसतो. खरी गोची होते ती तालीम सुटल्यावर. बैठका बंद होतात, ताटातलं तूप आणि भाकरी मात्र तेवढीच राहते. मांडी सैल पडते, पोट सुटतं आणि दहा-पंधरा वर्षांनी गुडघा कुरकुरू लागला की आळ येतो बंद पडलेल्या बैठकांवर! गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल माणसांत १ किलो वजन घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो, असं मोजमाप झालेलं आहे.

दुसरा गुन्हेगार म्हणजे आकड्याची हौस. गामा पैलवानाच्या नावावर रोजच्या पाच हजार बैठका सांगतात. त्या ऐकून सवय नसलेला पोरगा पैजेवर एकदम चार-पाचशे मारतो. अशा वेळी स्नायूंचे तंतू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या दगडासारख्या होऊन लघवी चहाच्या रंगाची झाली, तर घरी शेकत न बसता तडक दवाखाना गाठावा. जाणता वस्ताद नव्या पोराचा आकडा हळूहळू चढवतो, तो याचसाठी.

राहिला प्रश्न साठीतल्या गुडघ्याचा. भिंतीला टेकवलेली साधी, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर बांधा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ जमायला हवेत. कमी भरले तर हाच व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करा. पुढे चौकटीला धरून अर्धी बैठक, आणि झेपेल तेव्हाच पूर्ण. दुसऱ्या दिवशी सूज आली तर आकडा निम्मा करा. गुडघा अडकत असेल किंवा मधूनच दगा देत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

खुराकाचा लेख पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर खुर्चीवरचा आपला आकडा वहीत टिपून ठेवा.