जुन्या मोटारीचे ब्रेक आणि त्यांची दुखणी

स्मरणिकेत विद्येवर व समाजकार्यावर लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ असतात. मी मात्र येथे एक साधा, घरगुती विषय घेत आहे. आपल्यातील काही कुटुंबांच्या दारात वडिलांच्या वेळची अँबॅसडर किंवा फियाट अजून उभी आहे, आणि लग्नकार्याला किंवा दवाखान्याला जावयाचे झाले म्हणजे सारे घर तिच्यात बसते. अशा गाडीचा मालक एक वाक्य हटकून बोलतो : "ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतो, बाकी गाडी ठणठणीत आहे." हे वाक्य मीही वर्षभर बोललो.

एका उन्हाळ्यात थोरल्या आपांना बालाघाटच्या दवाखान्यात न्यावयाचे होते. बिरशाहून बैहरपर्यंत काहीच झाले नाही. उकवा सोडून गांगुलपाऱ्याकडचा घाट उतरू लागलो, आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल फळीला टेकले. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले, व्यर्थ! गिअर खाली आणला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या मऊ मातीत चाके घातली तेव्हा गाडी थांबली. चाकांतून जळका वास येत होता. नवलाची गोष्ट पुढेच आहे. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले होते! गावी एका मिस्त्रीने गाडी पाहिली आणि "काही दोष नाही" म्हणून सांगितले. थंड गाडीत दोष दिसणार तरी कसा?

हे कोडे सोडवावयाचे तर ब्रेक कसा लागतो हे आधी पाहिले पाहिजे. पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलेला नियम आपल्या मुलांना शाळेत शिकवला जातो : बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. वर्गात मी दोन पिचकाऱ्या, म्हणजे इंजेक्शनच्या सिरिंजा, सलाइनच्या नळीने जोडतो आणि पाणी भरतो. लहान पिचकारी दाबली की मोठीचा दट्ट्या तत्काळ सरकतो, आणि अंतर कमी पण जोर जास्त असा. मोटारीत लहान पिचकारीच्या जागी मास्टर सिलिंडर, मोठीच्या जागी चाकांतील सिलिंडर, आणि पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल. चाकातील सिलिंडर दोन शू बाहेर ढकलतो, शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला घासतात, आणि गाडीचा वेग उष्णता होऊन निघून जातो. आता नळीत हवेचा एक बुडबुडा राहू द्या. लहान पिचकारी पूर्ण दाबली तरी मोठी अर्धवटच हलते, कारण पाणी दबत नाही, हवा दबते. मुले हसतात, मला मात्र तो घाट आठवतो.

ब्रेक ऑइल हे हवेतील ओलावा शोषून घेणारे द्रव आहे. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरलेल्या त्याच ऑइलासाठी ठरविलेली मर्यादा १४० अंशांची आहे. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की चाके तापतात, सिलिंडरातील जुने ऑइल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि दोषाचा मागमूस राहत नाही. माझ्या गाडीत ते ऑइल किती वर्षांचे होते हे सांगण्याची मला लाज वाटते. दर दोन वर्षांनी ते बदलावे.

पण दुसऱ्या दाबाचे दुखणे याहून निराळे होते, आणि ते घाटापूर्वी वर्षभर मला सांगत होते. ते ओळखण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगडाची ओट लावावी आणि पेडल दोनचार वेळा भराभर दाबून शेवटी पाय तसाच ठेवावा. पेडल वर येऊन लाकडासारखे कठीण राहिले, तर लायनर झिजून शू ड्रमपासून दूर गेले आहेत असे बहुधा समजावे. पहिल्या दाबाचे सारे ऑइल शूंना ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडते. ते मागे सरण्यापूर्वी दुसरा दाब येतो म्हणून तो लागतो. येथे लायनर पाहून शू जुळवून घेतले की काम होते. गाडीगाडीची पद्धत वेगळी, पण तत्त्व एकच : शू ड्रमला टेकेपर्यंत बाहेर घ्यावा, मग चाक मोकळे फिरेल इतकाच मागे. मागची चाके जुळवताना हातब्रेक सोडलेला असावा. पेडल वर येऊनही चेंडूसारखे लवचीक लागले, तर आत हवा आहे. ती निपलमधून काढावी, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून. निघालेले ऑइल परत ओतू नये. आणि पायाखाली पेडल हळूहळू बुडू लागले, तर गाडी त्याच क्षणी उभी करावी. ऑइल कोठेतरी गळत आहे, नाही तर मास्टर सिलिंडरातील रबर दाब धरीत नाही. चाकांच्या आतल्या बाजूस ओल दिसली नाही आणि डब्यातील पातळी उतरली नाही, तर दुसरे कारण धरावे. तीन निरनिराळे रोग एकाच वाक्याखाली लपतात, आणि वारंवार पेडल मारण्याची सवय तिघांनाही सारखेच झाकते.

गाडी एका बाजूस ओढत असेल तर प्रथम टायरांची हवा पाहावी. निम्मे दोष तेथेच संपतात. नंतर ध्यानात ठेवावे की गाडी चांगल्या ब्रेकच्या बाजूस ओढते, म्हणून दोष दुसऱ्या बाजूस शोधावा. तेथे लायनरवर ऑइल किंवा ग्रीस आले असेल, अथवा सिलिंडर गंजून अडकला असेल. थोडे अंतर चालवून चाकांजवळ, न टेकवता, हात धरावा. इतरांहून थंड चाक काम करीत नाही. फार तापलेले चाक सुटत नाही. न सुटणाऱ्या चाकासाठी एक युक्ती आहे. चाक जॅकवर उचलावे आणि निपल किंचित उघडावा. चाक मोकळे झाले तर दाब अडकला आहे. न झाले तर शू, स्प्रिंग किंवा हातब्रेकची तार पाहावी. दाब अडकलेला आढळल्यास निपल बंद करून, पुन्हा ब्रेक दाबून, मास्टर सिलिंडरजवळची जोडणी सैल करावी. आता चाक सुटले तर दोष मास्टर सिलिंडरात किंवा पेडलच्या खेळात. न सुटले तर बहुधा रबरी होज पाइप आतून फुगला आहे. बाहेरून तो अगदी नवा दिसू शकतो.

पेडल पायाखाली थरथरले तर ड्रम वाकडा झाला आहे. खरखर आली तर लायनरचे रिव्हेट ड्रमला लागले आहेत. नाला ओलांडल्यावर ब्रेक लागेना तर हलका दाब ठेवून थोडे अंतर जावे, लायनर वाळतात. अनेक जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांतील शूंची रचना पुढच्या वाटचालीसाठीच असते. चढावर गाडी मागे घसरू लागली तर त्यांची पकड कमी पडते, हा दोष नव्हे.

आपल्या गाड्यांबाबत आणखी एक अडचण आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली, १९५७-५८ पासून निघणारी अँबॅसडर उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली बंद झाली. कुर्ल्याची फियाट, पुढे पद्मिनी, त्याआधीच थांबली होती. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. तेव्हा भाग मिळतात ते बरेचदा जुन्या साठ्यातले, आणि पुड्यात बंद असलेले रबरही वर्षांनी कडक होते. अंदाजाने भाग बदलत जाणे महाग पडते ते यामुळे. रबर पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नये, इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये. ते फुगून जागीच अडकते. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांस घातक आहे. म्हणून ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे, आणि लहान मुलांस दूर ठेवावे.

माझ्या गाडीचे शू जुळविले, दोन होज पाइप व सारे ऑइल बदलले. पहिली चाचणी शाळेच्या रिकाम्या मैदानावर, पायी चालण्याच्या वेगाने घेतली. आता ब्रेक पहिल्याच दाबाला लागतो, आणि घाटाच्या माथ्यावरच मी दुसरा गिअर टाकतो. आपांनी मात्र पुढच्या खेपेस बसने जाणे पसंत केले.