बार्शीकडच्या बायकांनी जगाला दिलेली दोन उत्तरं

बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ आठवतं, ज्वारी-तुरीची बाजारपेठ आठवते, आणि जुन्या माणसांना आठवते ती बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांवर ही गाडी सुरू केली आणि अरुंद रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो हे दाखवून दिलं. पुढे इंग्लंडमधल्या एका छोट्या रेल्वेनं तिचा कित्ता गिरवला. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावानं जगाला शिकवलेली दुसरी गोष्ट मात्र रेल्वेपेक्षा कितीतरी मोठी आहे. तिची पाटी कुठल्या स्टेशनावर नाही. ती शिकवली बार्शी-परांड्याकडच्या शेतात राबणाऱ्या बायकांनी, आणि त्यांच्यामागून शाळकरी मुलींनी.

गोष्ट आहे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची. आपल्याकडे बायका त्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. हा शब्द अगदी अचूक आहे. गर्भाशय ही पिशवी, आणि तिचं तोंड योनिमार्गात उघडतं. त्या तोंडाशी दोन वेगवेगळ्या जातींची अस्तरं एकमेकांना भिडतात. एक जाड, अनेक थरांचं, दुसरं नाजूक, एकाच थराचं. पाळी सुरू झाल्यावर आणि बाळंतपणांत ही सीमारेषा सरकत राहते, एका जातीच्या पेशी दुसऱ्या जातीत बदलत राहतात. शरीरात इतकी सतत उलथापालथ चालणाऱ्या जागा थोड्या आहेत. रोग नेमका तिथंच बसतो. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. अंगावरून पांढरं जातं, त्याला वास येतो, मध्येच लाल जातं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं. हे सांगायचं कुणाला? सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची भीती. सुगी संपल्यावर बघू, पोरीचं लग्न झाल्यावर बघू, असं करत वर्ष निघून जातं.

ऐंशीच्या दशकात खेड्यांमध्ये नक्की किती बायकांना हा रोग होतो, हे मोजण्याची सोयच देशात नव्हती. कर्करोगाची नोंद व्हायची मुंबईसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. जी बाई रुग्णालयात पोचलीच नाही, घरच्या वाकळेवर गेली, ती कुठल्या आकड्यात येणार? १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिनं घेतली. आधार होता बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचा, आणि कामात होते डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांचे सहकारी. पद्धत साधी पण कष्टाची होती. रुग्ण येण्याची वाट पाहायची नाही, आपणच गावोगाव जायचं. गावातल्या जाणत्या माणसांशी ओळख ठेवायची, लक्षणं समजावून सांगायची, संशय आला तर माणसाला तपासणीला घेऊन यायचं, आणि घरी झालेल्या मृत्यूंचीही चौकशी करायची.

बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळला तो पिशवीच्या तोंडाचाच कॅन्सर. यात नवल नव्हतं. नवल पुढे आहे. या भागात तेव्हा कुठलीही सामूहिक तपासणी मोहीम नव्हती, फक्त माणसं गावात येऊन बोलत होती. तेवढ्यानंही बायका रोगाच्या आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. १९९५ साली हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. गावात येऊन कुणी लाज न बाळगता ‘अंगावरून लाल जातं का?’ असं विचारलं, एवढ्यानं रोगाचा टप्पा बदलतो, ही मला आजही अचंबित करणारी गोष्ट वाटते.

मग आला मोठा प्रश्न. हा रोग एका विषाणूमुळे होतो हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये दाखवलं होतं. त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. विषाणूचं नाव एचपीव्ही. त्याच्या शंभरावर जाती आहेत, त्यातल्या १६ आणि १८ क्रमांकाच्या जाती सगळ्यांत घातक. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोघींचे. शरीरसंबंधातून हा विषाणू इतका सहज पसरतो की बहुतेक बायका-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, आणि बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. ज्या थोड्या बायकांच्या शरीरात तो ठाण मांडतो, त्यांच्या पेशींत तो दोन प्रथिनं तयार करतो. ती पेशीचे दोन राखणदार निकामी करतात. त्यातला एक बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारा, दुसरा तिची वाढ अडवणारा. राखणदार गेल्यावर पेशी बेबंद वाढू लागते. पण हे सगळं व्हायला दहा ते वीस वर्षं लागतात. पंचविशीत झालेला संसर्ग चाळिशीत रोग होऊन उभा राहतो. म्हणजे रोगाला गाठायला माणसाच्या हातात दहा-पंधरा वर्षं असतात. प्रश्न एवढाच, की खेड्यातल्या बाईला आयुष्यात एकदाच तपासायला मिळणार असेल, तर कोणती तपासणी तिचा जीव वाचवेल?

ऑक्टोबर १९९९ मध्ये बार्शीच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर शोधायला सुरुवात झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. ४९७ गावांचे ५२ गट करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही तपासणी. दुसऱ्या भागात पॅप, म्हणजे पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तिसऱ्या भागात सर्वांत स्वस्त उपाय. व्हिनेगरमध्ये असतं ते सौम्य अ‍ॅसिड गर्भाशयमुखावर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी पडते. चौथ्या भागात नेहमीसारखीच स्थिती ठेवली, तपासणी नाही. कार्यकर्त्या घरोघर गेल्या, समजावून सांगितलं, संमती घेतली. तपासणीच्या भागांमध्ये दहातल्या जवळपास आठ बायका आल्या. रोजंदारी बुडवून, लाज बाजूला ठेवून आल्या. शहरांतल्या कितीतरी शिकलेल्या बायका इतक्या संख्येनं येत नाहीत.

आठ वर्षांनी हिशेब लागला, आणि एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. रंगस्वामी शंकरनारायणन हे पहिले लेखक, दुसरं नाव बार्शीच्या नेनेंचं. तपासणी न झालेल्या भागात या कर्करोगानं ६४ बायका गेल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४. आयुष्यातल्या एकाच तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत असा ठळक फरक दिसला नाही. आणखी एक आकडा मला याहूनही विलक्षण वाटतो. ज्यांची एचपीव्ही तपासणी निर्धोक आली, त्यांच्यात पुढे हा कर्करोग दर लाखामागे वर्षाला चारपेक्षा कमी जणींना झाला. पॅपमध्ये निर्धोक ठरलेल्यांत तो दर पंधराच्या वर होता. विषाणू नसेल तर पुढची कितीतरी वर्षं निर्धास्त राहता येतं, ही खात्री जगाला मराठवाड्याच्या कडेच्या खेड्यांनी दिली. जागतिक आरोग्य संघटना आज पहिली पसंती एचपीव्ही तपासणीला देते, त्यामागे हा अभ्यास आहे. व्हिनेगरला मोडीत काढायचं कारण नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं दर दोन वर्षांनी ही तपासणी चार वेळा केली, तेव्हा मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं घटले.

त्या ६४ या आकड्यापाशी मात्र मी थांबते. चौथ्या भागातल्या बायकांची तपासणी झाली नाही, हे योग्य होतं का, असा प्रश्न पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी कडक शब्दांत विचारला. संशोधकांचं म्हणणं होतं की त्या भागात तपासणीची सोय मुळातच नव्हती, आणि खेड्यात काय चालेल हे तुलना केल्याशिवाय कळणार नव्हतं. टीकाकारांचं म्हणणं होतं की तपासणी जीव वाचवते हे ठाऊक असताना तुलनेसाठी कुणाला तसंच ठेवू नये. मला दुसरी बाजू अधिक पटते. म्हणूनच त्या बायकांच्या वाटणीचं उत्तर कागदात पडून राहणं मला सहन होत नाही.

आई गेली की घराचं काय होतं, याचाही आता हिशेब झाला आहे. २०२० या एका वर्षात कर्करोगानं आई गेल्यामुळे जगात सुमारे १० लाख मुलं पोरकी झाली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातली जवळपास निम्मी आशियातली. आणि दर शंभर मुलांमागे अठरा जणांची आई गेली ती याच, टाळता येण्याजोग्या रोगानं. आई नसलेल्या लहान मुलांचं खाणं, शाळा, लसी, सगळंच मागे पडतं. एका बाईच्या तपासणीचा फायदा मोजताना तिच्या ओट्यावर बसलेली मुलंही त्यात धरायला हवीत.

दुसरं उत्तर मुलींनी दिलं, तेही जवळजवळ अपघातानं. २००९ साली भारतात एक अभ्यास सुरू झाला. एचपीव्हीच्या लसीचे तीन डोस लागतात असं तेव्हा मानलं जाई. दोन पुरतील का, हे पाहायचं होतं. १० ते १८ वयाच्या २० हजार मुली घ्यायच्या होत्या. देशात नऊ ठिकाणं निवडली, त्यात बार्शी होती, पुणेही होतं. काम निम्म्यावर असताना आंध्र आणि गुजरातमधल्या लसीच्या एका वेगळ्याच प्रकल्पावरून वादळ उठलं. तिथल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं चौकशीत दिसलं, पण संमती घेण्यातल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं देशातले सगळेच एचपीव्ही लसीचे अभ्यास थांबवले. तोवर १७,७२९ मुली अभ्यासात आल्या होत्या. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन. आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. दुसरा द्यायला मनाई.

अभ्यास मोडला, आखणी विस्कटली. दुसऱ्या कुणी फायली बांधून ठेवल्या असत्या. अभ्यास करणाऱ्या मंडळींनी त्या मुलींचा माग सोडला नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्नं झाली, सासरी गेल्या, काहींची बाळंतपणं झाली. लग्नानंतर दीड वर्षानं किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नमुना घ्यायचा, असं ठरलं होतं. सासरच्या गावाचा पत्ता काढून, घरच्यांना समजावून, वर्षामागून वर्ष हे काम चाललं. २०२१ मध्ये दहा वर्षांचा निष्कर्ष आला. शरीरात ठाण मांडणाऱ्या १६ आणि १८ जातींच्या संसर्गापासून तीन डोसांनी ९३ टक्के संरक्षण दिलं, दोन डोसांनीही ९३, आणि एका डोसानं ९५. फरक नाहीच म्हणायचा.

एक डोस कसा पुरतो? या लसीत विषाणू नसतोच. असतं त्याच्या कवचाचं एकच प्रथिन. ते तयार झालं की कुणी न सांगता त्याचे ३६० रेणू एकमेकांना बिलगून पोकळ गोळा बनवतात, हुबेहूब विषाणूसारखा, आत मात्र रिकामा. त्याच्या पृष्ठभागावर एकच नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येते. आपल्या प्रतिकारशक्तीला अशी शिस्तीत मांडलेली नक्षी दिसली की ती तिला खरा शत्रूच समजते. प्रतिपिंडं बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी हाडांच्या मज्जेत मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं सोडत राहतात. एका डोसानंतर त्यांची पातळी तीन डोसांपेक्षा कमी असते, पण ती टिकून राहते, आणि या विषाणूला रोखायला तेवढी पुरते.

भारतातल्या अभ्यासाची आखणी मोडलेली होती, म्हणून फक्त त्यावर कुणी विसंबलं नाही. केनियात पद्धतशीर चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासातही तेच दिसलं. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मुलींसाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला, आणि ऑस्ट्रेलिया, ब्रिटनसारखे देश एका डोसावर आले. तीन डोसांऐवजी एक म्हणजे त्याच पैशात तिप्पट मुली, आणि शाळेत तीनदा जाण्याऐवजी एकदा. जगातल्या गरीब देशांसाठी हा फरक केवढा आहे! त्यात बार्शीकडच्या मुलींचा दंड पुढे केलेला आहे.

इकडे आपल्याकडे २०२२ साली या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण होत्या आणि जवळपास ८० हजार बायका त्यानं गेल्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. कॅन्सर होईल या धाकानं पिशवी काढायची पाळी यावी आणि साधी तपासणी मात्र कुणी सांगू नये, हे ज्या भागातून ही उत्तरं निघाली त्याच्या शेजारी घडतं. लस तर आता इथलीच आहे: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून बाजारात आहे.

तेव्हा एवढंच करा. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जाऊन एचपीव्हीच्या लसीची चौकशी करा. तिशी ओलांडलेली आई, बहीण, जाऊ, कामाला येणाऱ्या मावशी, यांची एकदा तरी तपासणी करून घ्या; लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी चुकवू नये. आणि कुणी दबक्या आवाजात सांगितलं की पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतंय, तर सुगी संपायची वाट बघू नका, तिला उद्याच घेऊन जा.